खराब झालेला कारचा बॅटरी पॅक गाळ्यात पडून आहे. द्यायचा कुणाला?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण येत्या काही वर्षांत तो बऱ्याच जणांच्या दारात येणार असं वाटतंय, म्हणून धागा काढतोय.

माझ्या मेहुण्यांचं सांगलीत गॅरेज आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे एक इलेक्ट्रिक टॅक्सी आली. आंबा घाटात दरडीतून आलेला दगड गाडीखाली सापडला आणि बॅटरीचा तळ आत दबला. विम्याचा क्लेम नामंजूर झाला, नव्या पॅकची किंमत ऐकून मालकाला घाम फुटला. शेवटी अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा चांगला पॅक पुण्याहून आणून बसवला. गाडी रस्त्याला लागली, जुना पॅक मात्र गाळ्यातच राहिला. ३० किलोवॅट-तासाचा आहे, वजन अडीचशे किलोच्या आसपास.

मालक म्हणतो, मला नको. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेर काढलेला पॅक आम्ही घेत नाही. नेहमीचा भंगारवाला आला, चहा घेतला, पॅकभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "वरचं ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या पट्ट्या काढून द्या, आतले सेल तुमचे तुम्ही ठेवा." दुसरा एक जण फुकट उचलायला तयार होता. तो घराच्या मागच्या अंगणात फोडणार होता. तिथे पोरं खेळतात. मेहुण्यांनी दिला नाही.

आता गंमत नाही, पण लक्षात राहिलेली गोष्ट सांगतो. त्याच गाडीत दिवे-हॉर्नसाठी १२ व्होल्टची साधी शिशाची बॅटरीही असते. तीही बदलली होती. ती पहिल्या भंगारवाल्यानं काट्यावर टाकली, रोख पैसे मोजले आणि नेली. पाच मिनिटांचं काम. एकाच गाडीतल्या दोन बॅटऱ्या. एकीला गिऱ्हाईक दारात उभं, दुसरी आठ महिने झाले कुणालाच नको आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला होता. मग खणून, शुद्ध करून, गाडीत बसवून आलेलं लिथियम समोर पडलेलं असताना ते कुणाला का नको असावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

सेलवाला

दादा, बाकी चर्चा नंतर. आधी तो पॅक गाळ्यातून बाहेर काढा. आजच.

मी संभाजीनगरला ई-रिक्षा आणि दुचाकींचे लिथियम पॅक दुरुस्त करतो, अकरा वर्षं झाली. दबलेला पॅक आठ महिने शांत आहे म्हणजे तो सुरक्षित आहे असं नसतं. आत सेलचा पडदा फाटलेला असेल तर ओलावा किंवा गंज कधीही शॉर्ट घडवतो. एक सेल तापला की शेजारचा तापतो, मग रांगच लागते. विझला असं वाटून काही तासांनी पुन्हा पेटतो.

उघड्यावर पण वरून पत्रा असलेली जागा बघा. भिंतीपासून, गाड्यांपासून, गॅस सिलिंडरपासून लांब. खाली विटा, आजूबाजूला वाळूची पोती. सर्व्हिस प्लग (पॅकचा विद्युत जोड तोडणारा) काढलेला आहे ना ते मेहुण्यांना विचारा. दिवसातून एकदा वरून हात न लावता तापमान बघायचं. बंदुकीसारखा थर्मामीटर त्यांच्याकडे असेलच. गोडसर वास आला, फुगवटा दिसला तर जवळ जायचं नाही, अग्निशमनला फोन.

मिलिंद_स

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला की डिस्चार्ज होतो असं व्हिडिओत पाहिलंय. तो उपाय सोपा नाही का?

सेलवाला

मिलिंदभाऊ, मोबाइलच्या एखाद्या सेलपुरतं लोक करतात ते. अख्ख्या कारच्या पॅकला करू नका, कुणालाही सांगू नका. तिनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी आहे. मिठाच्या पाण्यात हायड्रोजन सुटतो, क्लोरीन सुटतो, टर्मिनल आधी गंजून तुटतात आणि आतला चार्ज आतच राहतो. वर ते पाणी ओतणार कुठे? इलेक्ट्रोलाइटमधलं (सेलमधल्या द्रवातलं) फ्लोरिनचं मीठ ओलाव्याशी आलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं. ते हाडापर्यंत जातं.

धातुवेडा

सेलवाल्यांचं आधी ऐका, मग माझं वाचा.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं रसायनात आणि उरलेलं बाजारभावात आहे. टॅक्सीतला ३० किलोवॅट-तासाचा पॅक म्हणजे बहुतेक एलएफपी, लिथियम-लोह-फॉस्फेट. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हेच असतं. टिकाऊ, स्वस्त, आग धरायला तुलनेनं मंद. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. गाडी घेणाऱ्यासाठी ही चांगली गोष्ट. भंगार घेणाऱ्यासाठी तीच वाईट, कारण आत उरतं लोखंड आणि फॉस्फेट, आणि त्यांना भाव नाही.

आता लिथियमचा हिशेब मांडतो. एका किलोवॅट-तासाला ढोबळ शंभर ग्रॅम लिथियम धरा. तुमच्या पॅकमध्ये ३ किलो. बाजारात ते लिथियम कार्बोनेट म्हणून विकलं जातं, म्हणजे साधारण १६ किलो कार्बोनेट. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये त्याचा भाव टनाला ६ लाख युआनच्या घरात होता. त्या भावानं या १६ किलोचे आपले एक लाख रुपयांच्या वर झाले असते. २०२५ च्या मध्याला तोच भाव ६० हजार युआनच्या आसपास आला. त्या भावानं तेच १६ किलो अकरा-बारा हजारांचे. त्यातून सांगलीहून वाहतूक, पॅक उघडायची मजुरी, आम्ल, वीज, सांडपाण्यावरची प्रक्रिया आणि मध्ये हरवणारा माल वजा करा. काय उरतं?

तांबं आणि ॲल्युमिनियमला भाव आहे. म्हणून भंगारवाल्यानं तेवढंच मागितलं. तो माणूस अडाणी नव्हता, त्याचा हिशेब बरोबर होता.

शिशाची गोष्टच वेगळी. त्या बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसंच असतं, ते ३२७ अंशांना वितळतं, सगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांची रचना जवळपास एकच. गल्लीतल्या भट्टीतही काम होतं. (तसं होतं म्हणूनच भट्ट्यांजवळच्या पोरांच्या रक्तात शिसं सापडतं. ती व्यवस्था आदर्श म्हणून सांगत नाहीये.) लिथियम भट्टीत टाकलं तर ते धातूच्या मळीत निघून जातं. ते परत हवं असेल तर सेल निष्क्रिय वायूत किंवा पाण्याखाली भरडायचे, काळी भुकटी वेगळी करायची, ती आम्लात विरघळवायची आणि मग एकेक धातू पायरीपायरीनं बाहेर काढायचा. भुकटीपर्यंतचं काम बरेच जण करतात. पुढचं रसायन जमणारे थोडे.

पर्थकर

धातुवेडा, उत्तम मांडलंत. दुसऱ्या टोकाचं, म्हणजे खाणीकडचं, मी सांगतो, कारण मी त्या टोकाजवळ राहतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या दक्षिणेला अडीचशे किलोमीटरवर ग्रीनबुशेस नावाचं छोटं गाव आहे. भोवती उंच झाडांचं जंगल आणि मधोमध प्रचंड खड्डा. जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम खाणींपैकी ही एक. इथे स्पॉड्युमीन नावाचा खडक निघतो. तो दळून, धुऊन जे सांद्र तयार होतं त्यात लिथियम ऑक्साइड जेमतेम ६ टक्के. म्हणजे जहाजात चढणारं ९४ टक्के वजन दुसऱ्याच कशाचं तरी. हे सगळं बनबरी बंदरातून वर्षानुवर्षं चीनला जातंय. तिथे हजार अंशांच्या वर भाजून, गंधकाम्लात शिजवून बॅटरीला चालेल असा माल होतो.

इथल्या लोकांनाही वाटलं की खाण आपली, मग शुद्धीकरण आपल्याकडेच का नको? पर्थजवळ क्विनाना आणि बनबरीजवळ केमर्टन इथे मोठे कारखाने उभे राहिले. भाव कोसळले तसे हात आखडले. केमर्टनमध्ये २०२४ साली काही युनिटं थांबली, क्विनानाच्या दुसऱ्या युनिटचं काम जानेवारी २०२५ मध्ये बंद केलं. माझ्या ओळखीची दोन मराठी घरं त्या काळात इथून हलली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की रियासीच्या बातमीनं जो आनंद झाला, त्यात ही मधली पायरी कुणी मोजलीच नाही. जमिनीत खडक असणं आणि हातात कार्बोनेट असणं यांत दहा-पंधरा वर्षं आणि एक अख्खा रासायनिक उद्योग असतो. आणि तो उद्योग ज्यांच्याकडे आहे ते भाव पाडून नवख्याला उभं राहू देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मंजिरी_के

रियासीचे ते ५९ लाख टन हा प्राथमिक पातळीचा अंदाज होता, आणि तोही खनिजाचा, शुद्ध लिथियमचा नव्हे. लिलाव पुकारला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत. कर्नाटकातल्या मंड्याजवळच्या साठ्याचा अंदाज तर आधी १४,१०० टन सांगितला गेला होता, तो शेवटी १,६०० टनांवर आला. सरकारी कंपनी 'काबिल'नं जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियम शोधायला पाच ब्लॉक घेतले आहेत, पण तिथेही अजून शोधच चालू आहे.

आता नियमांबद्दल. मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात पर्यावरण अनुपालनाचं काम बघते, त्यामुळे हे रोजचंच आहे.

ऑगस्ट २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. त्यात जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ज्यानं आपल्या ब्रँडखाली बॅटरी बसवलेली गाडी विकली तोही उत्पादकच धरला जातो. बॅटरी जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. रिसायकल करणाऱ्यानं कोरड्या वजनाच्या २०२४-२५ मध्ये ७०, २०२५-२६ मध्ये ८० आणि त्यापुढे ९० टक्के माल परत मिळवायचा. २०२७-२८ पासून गाडीच्या नव्या बॅटरीत ५ टक्के तरी परत मिळवलेला माल हवा, २०३०-३१ ला तो २० टक्के. ग्राहकाचंही कर्तव्य लिहिलंय: बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेलाच द्यायची.

तेव्हा कृष्णाकाठ, "बाहेर काढलेला पॅक घेत नाही" हे काउंटरवरचं उत्तर मानू नका. गाडीच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा, पॅकचा क्रमांक आणि फोटो जोडा, नियमांचा उल्लेख करा, प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. सोबत केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी आहे, तीही बघा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. टक्केवारी वजनावर आहे आणि पॅकच्या वजनात लिथियम एक टक्क्याच्या आसपास. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड काढलं की आकडा वर चढतो. ज्या धातूसाठी आपण परदेशात ब्लॉक घेत फिरतोय तो हरवला तरी वजनाच्या काट्यावर फारसं कळत नाही. युरोपनं २०२३ च्या कायद्यात लिथियमला वेगळा आकडा दिला: २०२७ अखेर ५० टक्के, २०३१ अखेर ८० टक्के. आपल्याकडेही तसं हवं.

विदर्भवारा

शांतपणे सगळं वाचलं. वाईट वाटलं. दीड वर्षापूर्वी कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली, पोरीच्या दम्यामुळे धूर नको म्हणून. आता वाटतंय, आपण नागपूरचा धूर कमी करून काँगोतल्या पोरांना कोबाल्टच्या खाणीत उतरवलं की काय? मग पेट्रोलच काय वाईट होतं?

धातुवेडा

विदर्भवारा, तुमची गाडी एलएफपी असेल तर तिच्या मोठ्या बॅटरीत कोबाल्ट नाही, एवढं आधी सांगतो. पण प्रश्न खोटा नाही. जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोतून येतं आणि कोल्वेझीच्या भागात माणसं हातानं बोगदे खणतात, त्यात मुलंही असतात. आपल्या हातातल्या फोनमध्येही तेच आहे. तिथल्या सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. पुरवठा एका देशावर टेकला की असं होतं.

तरी पेट्रोलशी तुलना करताना एक फरक विसरू नका. जाळलेलं पेट्रोल परत येत नाही. तुमच्या बॅटरीतले ३-४ किलो लिथियम पंधरा वर्षांनीही तिथेच असेल, एक ग्रॅमही झिजलेलं नसेल. सेल म्हातारा होतो तो त्याच्या रचनेमुळे, धातू जसाच्या तसा असतो. म्हणून मला कृष्णाकाठच्या गाळ्यातला पॅक एवढा महत्त्वाचा वाटतो. तो वाया गेला तर तुमच्या मनातली शंका खरी ठरेल.

सेलवाला

एक बाजू कुणी बोललं नाही, ती दुरुस्तीची.

सगळे थेट भरडायच्या गोष्टी करताहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या बऱ्याच पॅकमध्ये दोन-चार सेल गेलेले असतात, बाकी ठणठणीत. उरलेली ७०-८० टक्के क्षमता कारला कमी पडते, पण तीच बॅटरी दुकानाच्या इन्व्हर्टरला किंवा शेतावरच्या सोलरला पुढे कित्येक वर्षं चालेल. पण उघडायचं कसं? पूर्वी बोल्ट असायचे. आता नवे पॅक फोम आणि गोंदानं असे भरलेत की छिन्नी मारल्याशिवाय सेल सुटत नाही, आणि छिन्नी मारायची म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं, बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला, कुलूप. आतल्या सेलचं आरोग्य किती उरलंय हे त्या सर्किटला माहीत असतं, पण ते मला सांगत नाही, फक्त कंपनीच्या यंत्राला सांगतं. मग मी एकेक सेल चार्ज-डिस्चार्ज करून मोजतो. एका पॅकला चार-पाच दिवस जातात. तेवढी मजुरी गिऱ्हाईक देत नाही.

माझ्यासारखे दुरुस्ती करणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. आमच्याकडे परवाना नाही, प्रशिक्षण नाही, आणि सरकारच्या कागदात आमचं नावही नाही. २०२२ साली पुण्यात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, तेव्हापासून घरमालक गाळा द्यायलाही घाबरतात. आम्हाला शिकवा, तपासा, नियम लावा. पण मोजा तरी.

मंजिरी_के

सेलवालेदादा, तुमच्या बीएमएसच्या मुद्द्याला जोडून: युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. रसायन कोणतं, माल कुठून आला, क्षमता किती हे कोड स्कॅन करून कळेल. आमचे ग्राहक तिकडचे असल्यानं आम्हाला आत्तापासून माहितीचे तक्ते भरावे लागताहेत. म्हणजे चाकणहून युरोपात जाणाऱ्या मालाची कुंडली तयार होतेय आणि सांगलीतल्या पॅकवर रसायनाचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. धातुवेड्यांना "बहुतेक एलएफपी" असं म्हणावं लागलं ते त्यामुळेच. भरडणाऱ्या कारखान्यालाही हीच अडचण येते. निकेलचे आणि लोहाचे सेल एकत्र गेले की भुकटीची किंमत पडते.

पर्थकर

रिसायकलिंगवाल्यांना दोष देताना त्यांची नाडीही बघा. युरोपची आशा असलेली स्वीडनची नॉर्थव्होल्ट मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, ती बॅटऱ्या बनवणारी. रिसायकलिंगमधली कॅनडाची ली-सायकल त्याच वर्षी मे महिन्यात. जुन्या गाड्या अजून पुरेशा आलेल्याच नाहीत. आज अशा कारखान्यांना मिळणारा बराचसा माल हा बॅटरी कारखान्यांतला टाकाऊ माल असतो. ज्या देशात सेलचे कारखाने, त्याच देशात भंगार, आणि त्याच देशात रिसायकलिंग टिकतं. चीनचं चक्र असं फिरतं.

धातुवेडा

अगदी. आणि ग्राफाइट विसरू नका. तुमच्या त्या पॅकमध्ये लिथियम ३ किलो, पण ग्राफाइट तीसेक किलो असेल. बॅटरीच्या प्रतीचं ग्राफाइट ९० टक्क्यांहून जास्त चीनमधून येतं आणि डिसेंबर २०२३ पासून त्याला निर्यात परवाना लागतो. बहुतेक रिसायकलिंगमध्ये ते जाळलं जातं किंवा गाळात फेकलं जातं. मला विचाराल तर खरी हळहळ तिथे आहे.

पुण्यात सोडियम-आयन बॅटरीवर चांगलं काम चाललंय. केपीआयटी या कंपनीनं आयसर या विज्ञान संस्थेसोबत केलेलं तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. त्यात लिथियमही नाही आणि कोबाल्टही नाही. मला त्याबद्दल खूप आशा आहे. पण मग त्या बॅटरीच्या भंगाराला भाव आणखीच कमी असणार, कारण आत मौल्यवान काहीच नाही! बाजारभावावर विसंबून बॅटरी परत येणार नाही, हे आत्ताच मान्य करायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: गाडी विकतानाच ठेव म्हणून काही रक्कम बाजूला ठेवा आणि पॅक परत आणून देणाऱ्याच्या हातात ती द्या, मग तो मालक असो, गॅरेजवाला असो की भंगारवाला. शिशाच्या बॅटरीला जो पैसा धातू देतो, तो इथे नियमानं द्यावा लागेल. केंद्रानं सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली, ती कारखान्यांना मिळेल. गाळ्यापासून कारखान्यापर्यंतचं भाडं कोण देणार?

विदर्भवारा

ठेवीची कल्पना पटली. गाडी घेताना दहा-पंधरा हजार जास्त गेले असते तरी मी दिले असते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं काही घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सेलवाल्यांचा पहिला प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी मेहुण्यांनी पॅक मागच्या मोकळ्या जागेत हलवला. विटा, वाळू, वर पत्रा. रोज सकाळी भाचा तापमान वहीत लिहितो, अजून तरी हवेपेक्षा वर गेलेलं नाही.

मंजिरीताईंनी सांगितल्याप्रमाणे ईमेल केला. नवव्या दिवशी उत्तर आलं आणि सूर बदललेला होता. त्यांनी नोंदणीकृत रिसायकलरचा संपर्क दिला. तो न्यायला तयार आहे, पैसे देणार नाही, घेणारही नाही. रसायन एलएफपीच निघालं. अट एकच: एका पॅकसाठी खास गाडी सांगलीपर्यंत पाठवणं परवडत नाही, निदान टनभर माल हवा. दबलेल्या पॅकसाठी तो वाळू भरलेली लोखंडी पेटी स्वतः आणणार आहे.

मेहुण्यांनी ओळखीच्या गॅरेजांत फोन फिरवले. मिरजेत एक पॅक निघाला, पुरात बुडालेल्या गाडीचा. जयसिंगपूरला एक, तो तर दोन वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होता. तीन झाले, साडेसातशे किलो. इचलकरंजी, तासगाव, कोल्हापूर भागात कुणाकडे असा पॅक पडून असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उघडू नका, हलवताना खालून टेकू द्या, आणि फोटोत क्रमांकाची पट्टी दिसू द्या. अजून एक मिळाला की गाडी निघते.